भाताचा करपा: बुरशीचं जनुक आणि आपला पंप

"जनुक बदललेली बुरशी" म्हटलं की आपल्या कपाळावर आठ्या पडतात. पण करप्याचं उदाहरण बघा.

करप्याचा बीजाणू ओल्या पानावर पडला की एक गाठ धरतो. तिच्यात 80 वातावरणांपर्यंत दाब तयार होतो, मोटारीच्या टायरच्या तीसपटीहून जास्त! त्या जोरावर बुरशी पानात घुसते. 1996 मध्ये शास्त्रज्ञांनी बुरशीतलं पीएमके-1 हे जनुक काढलं, तर गाठच बनेना आणि करपाही होईना. गाठीतलं काळं मेलॅनिन बनवता न येणाऱ्या बुरशीलाही धडधाकट पानात शिरता येत नाही.

आपलं ट्रायसायक्लाझोल नेमकं हेच मेलॅनिन बनू देत नाही. म्हणजे ते बुरशी आत शिरायच्या आधी पानावर हवं. पान भाजल्यासारखं झाल्यावर मारलं तर जुने ठिपके बरे होत नाहीत, फार तर नवी लागण थांबते. आणि कडा करपा जिवाणूचा, त्यावर हे औषध चालतच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. असे प्रयोग बंद प्रयोगशाळेत, कडक देखरेखीत व्हावेत. बदललेली बुरशी शेतात यायला नको, पण त्यातून मिळालेलं ज्ञान बांधावर आलंच पाहिजे. कृषी अधिकाऱ्यांना विनंती, शिफारशीत नुसतं औषध आणि प्रमाण नको, "का" आणि "कधी" हेही लिहा. कारण कळलं की माणूस पंप वेळेवर उचलतो.

यंदा तुमची पहिली फवारणी ठिपक्याआधी झाली की नंतर? खरं खरं सांगा.