क्षिप्रेला हवे आपले व्रत

उज्जैनची क्षिप्रा वाहती राहावी म्हणून नर्मदेचे पाणी ओंकारेश्वरहून पंपांनी उचलून तिच्या उगमाजवळ सोडण्याची योजना २०१४ मध्ये सुरू झाली. मात्र इंदूरचे सांडपाणी वाहून आणणारी कान्ह नदी उज्जैनच्या त्रिवेणीपाशी तिला येऊन मिळते. पंपाने पाणी येते, माणसांच्या सवयी बदलत नाहीत. माळव्यात बोअरवेलचा बेसुमार उपसा झाला, काठची झाडे तुटली, की नदीला पोसणारे झरे आटतात. निर्माल्य, साबण, जुने कपडे घाटावर टाकले, की उरलेले पाणीही नासते. २०२८ च्या सिंहस्थाला महाराष्ट्रातूनही असंख्य भाविक जातील. त्यांनी एवढे व्रत घ्यावे : क्षिप्रेत स्नान जरूर करावे, पण तिच्यात काहीही टाकू नये.