गुपित सरकारचे, अब्रू आमची

२९ सप्टेंबर २००६ रोजी आमच्या भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, खैरलांजी गावात भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर लोटला. शेजारच्या जिल्ह्यात काय घडले, हे त्यातल्या बहुतेकांना माहीत नव्हते. ४ ऑक्टोबरला जगाच्या दुसऱ्या टोकाला विकिलीक्स या नावाने एक संकेतस्थळ नोंदवले गेले. सरकारांची गुपिते थेट इंटरनेटवर आणायची, हा त्याचा उद्देश होता. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण दोन्हींनी एकच प्रश्न पुढे आणला: दडवलेला कागद लोकांसमोर आला की पुढे काय होते?

खैरलांजीला सुरुवातीला ‘अनैतिक संबंधां’चा रंग दिला गेला. तो रंग उतरवला कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन अहवालांनी आणि इंटरनेटवरून, मोबाइलवरून फिरलेल्या छायाचित्रांनी. नोव्हेंबरमध्ये भंडारा, नागपूर, अमरावती रस्त्यावर उतरले. सामाजिक न्याय विभागासाठी यशदा-बार्टीने केलेल्या चौकशीतले निष्कर्ष वर्तमानपत्रांत आले आणि पोलिस व डॉक्टरांच्या वागणुकीवर सरकारी यंत्रणेनेच बोट ठेवल्याचे दिसले. काही अधिकारी निलंबित झाले, तपास सीबीआयकडे गेला. कागद आणि फोटो बाहेर आले नसते, तर हे प्रकरण तालुक्याच्या फायलीतच मिटले असते. म्हणून ‘गोपनीय’ हा शिक्का पाहून गप्प बसा, असे आम्ही कधीच म्हणणार नाही.

पण या गोष्टीचा उरलेला अर्धा भागही सांगितला पाहिजे. १५ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, तिघांना सोडले. अॅट्रॉसिटी कायदा मात्र लागू झाला नाही, बलात्काराचा आरोपही टिकला नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी रद्द करून २५ वर्षांची शिक्षा दिली. जे फोटो पाहून सगळा समाज पेटून उठला, ते न्यायालयात पुरेसे ठरले नाहीत. पहिल्या काही दिवसांत पंचनामा, शवविच्छेदन, जबाब हे जसे व्हायला हवे होते तसे झाले नव्हते. व्हायरल कागदाने आंदोलन उभे राहते. निकाल मात्र फायलीतल्या कागदावर लागतो.

आणि ते फोटो अजूनही फिरतात. दर २९ सप्टेंबरला आपलेच लोक, श्रद्धांजली म्हणून, त्या मायलेकींचे विटंबित देह पुन्हा पुन्हा ग्रुपवर टाकतात. भय्यालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ पर्यंत जिवंत होते. त्यांना ती छायाचित्रे किती वेळा पाहावी लागली असतील, याचा विचार आपण केला का?

विकिलीक्सच्या बाबतीतही हेच झाले. २०१० मध्ये बगदादमधल्या हेलिकॉप्टर हल्ल्याचा व्हिडिओ बाहेर आला, तेव्हा सत्तेचा खोटेपणा उघडा पडला. सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकी दूतावासांचे अडीच लाख संदेश नावे न झाकता प्रसिद्ध झाले, तेव्हा ज्यांनी विश्वासाने माहिती दिली होती ते साधे लोकही उघडे पडले. आधी सोबत असलेल्या वृत्तपत्रांनीच त्यावर टीका केली. माहिती देणाऱ्या चेल्सी मॅनिंग यांना ३५ वर्षांची शिक्षा झाली, ती २०१७ मध्ये कमी करण्यात आली. ज्युलियन असांज पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहून २०२४ मध्ये सुटले.

आपल्याकडे १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही आहे. माहिती उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो अमलातच आणला गेला नाही. म्हणजे कागद बाहेर काढणाऱ्या कारकुनाला शिक्षेची भीती आहे, आधार मात्र नाही.

म्हणून आम्हाला एक फरक महत्त्वाचा वाटतो. सत्तेचे गुपित वेगळे आणि पीडिताचे खासगीपण वेगळे. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. स्फोटक बनवण्याची कृती गुपित असू शकते. छत कामगारांवर का कोसळले, हे गुपित असू शकत नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(२) हेच सांगते: जनहित मोठे असेल तर गुपिते कायदा असतानाही माहिती देता येते. आपले किती कार्यकर्ते हे कलम अर्जात लिहितात?

गावोगावी काम करताना आम्ही पाहतो, जबाबाची प्रत ग्रुपवर पडली की संध्याकाळपर्यंत ती आरोपीच्या घरी पोहोचते. साक्षीदार बाई दुसऱ्या दिवसापासून बोलायची थांबते. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ नुसार पीडिताला एफआयआरची प्रत मोफत मिळते आणि साक्षीदाराचे नाव-पत्ता गुप्त ठेवण्याची मागणी करता येते. न्यायालयाकडे मागायचे ते संरक्षण आपणच एका क्लिकने मोडून टाकतो.

तेव्हा असा कागद हाती आला, तर आधी तो खरा आहे का हे तपासा. ऐकीव माहितीवर विसंबू नका, ही तर आपली जुनी शिकवण आहे. मग तो वकिलाला दाखवा, एक प्रत जपून ठेवा. अधिकाऱ्याची चूक दाखवणारा भाग जरूर प्रसिद्ध करा. बाईचे नाव, साक्षीदाराचा पत्ता, मृतदेहाचा फोटो मात्र झाका. येत्या २९ सप्टेंबरला खैरलांजीची आठवण काढताना सुरुवात तिथूनच करता येईल.