कॉन्फरन्स बदलून खेळाडू घडत नाहीत

अमेरिकेत २०२५च्या एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचा ड्राफ्ट झाला. विद्यापीठांत खेळणाऱ्या तरुणांमधून ३२ संघांनी सात फेऱ्यांत आपापले खेळाडू निवडले आणि त्यांत एसईसी या दक्षिणेकडील कॉन्फरन्सचे (म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचे) तब्बल ७९ निघाले. एका कॉन्फरन्ससाठी हा तोवरचा विक्रमच. टेक्सास आणि ओक्लाहोमा ही विद्यापीठे २०२४च्या जुलैत ‘बिग १२’ ही कॉन्फरन्स सोडून एसईसीत आली होती. त्यामुळे बलाढ्य कॉन्फरन्समध्ये शिरले की व्यावसायिक संघांची दारे उघडतात, असे म्हणणाऱ्यांना मोठाच पुरावा मिळाला. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. त्या ७९ पैकी १२ जण एकट्या टेक्सासचे होते. पण आदल्या वर्षी, ‘बिग १२’मधला अखेरचा हंगाम खेळून, याच विद्यापीठाचे ११ जण निवडले गेले होते. शालेय शिक्षण संपून तीन वर्षे झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये उतरताच येत नाही, म्हणजे हे पीक जुन्याच शेतातले. त्याहून बोलका दाखला २०१४चा आहे. त्या वर्षी टेक्सासचा एकही खेळाडू निवडला गेला नाही. १९३७ नंतर असे प्रथमच घडले. शून्य ते अकरा हा सगळा प्रवास एकाच कॉन्फरन्समध्ये झाला. मधल्या काळात बदलले ते प्रशिक्षक आणि खेळाडूंची भरती.

एसईसीत जाण्याची घोषणा २०२१मध्येच झाली होती आणि तिच्या ओढीनेही काही गुणी मुले टेक्सासकडे आली असतील, हा आक्षेप रास्त आहे. पण तीच घोषणा ओक्लाहोमाचीही होती, आणि २०२५मध्ये त्यांची संख्या टेक्सासच्या निम्मीही भरली नाही. कडव्या प्रतिस्पर्ध्यांसमोर खेळाडूचा कस लागतो, हेही खरे. तरीही त्याच ड्राफ्टमध्ये माउंटन वेस्टसारख्या लहान कॉन्फरन्समधून बॉइसी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी सहाव्या क्रमांकावर निवडला गेला. गुण असेल तिथे व्यावसायिक संघांचे निवडकर्ते पोहोचतातच.

कॉन्फरन्स बदलल्याचा परिणाम होतो, पण तो सावकाश, भरतीच्या वाटेने. नेब्रास्काचे उदाहरण मला म्हणूनच फार महत्त्वाचे वाटते. २०११मध्ये हे विद्यापीठ ‘बिग १२’ सोडून ‘बिग टेन’ कॉन्फरन्समध्ये गेले. मान होता, टीव्हीचा पैसाही होता; पण टेक्सासमधल्या विद्यापीठांशी दरवर्षी होणारे सामने संपले, आणि देशातल्या सर्वांत सुपीक फुटबॉल-भूमीशी असलेला राबता तुटला. २०१९मध्ये नेब्रास्काचा एकही खेळाडू निवडला गेला नाही. १९६३पासूनची परंपरा खंडित झाली. दोष प्रशिक्षकांच्या अदलाबदलीचाही आहे, हे मान्यच. पण ज्या प्रदेशातून खेळाडू आणायचे, तिथे आपण खेळतच नसू, तर नव्या प्रशिक्षकानेही आई-वडिलांना काय सांगून मुलगा मागायचा?

खरी झळ बसते ती मागे राहिलेल्यांना, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. २०२४मध्ये ‘पॅक-१२’ कॉन्फरन्सच्या बारापैकी दहा विद्यापीठांनी इतरत्र घर केले, उरली ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. कॅम वॉर्ड हा क्वार्टरबॅक वॉशिंग्टन स्टेटमध्ये दोन हंगाम खेळला आणि ही पडझड होत असतानाच त्याने मायामीची वाट धरली. त्याच्या निर्णयामागे हे एकच कारण होते, असा माझा दावा नाही. पण २०२५मध्ये तो सर्वांत पहिला निवडला गेला, तेव्हा त्याच्या नावापुढे मायामी लिहिले होते. ड्राफ्टच्या नोंदीत खेळाडूचे शेवटचे विद्यापीठच तेवढे मोजले जाते. वॉशिंग्टन स्टेटच्या दोन हंगामांना त्या यादीत रकानाच नाही.