बाहेर जाणाऱ्या वाटेवरचा पहारा

रायगडाचे दरवाजे सायंकाळी बंद झाले म्हणजे आत येणाऱ्याला जशी वाट नसे, तशी बाहेर जाणाऱ्यालाही नसे. घरी राहिलेल्या तान्ह्या लेकरासाठी हिरकणी कडा उतरून गेली, तेव्हा तिच्या धाडसाचा गौरव झालाच. पण जेथून ती उतरली तेथे बुरूजही बांधला गेला, अशी आख्यायिका आहे. पहारा दोन्ही दिशांना असावा लागतो, हा त्या कथेतील व्यवहाराचा भाग होय. आजच्या कार्यालयांतील संगणकांभोवतीचा पहारा मात्र अनेक ठिकाणी एकाच दिशेकडे तोंड करून उभा आहे.

या पहारेकऱ्याचे नाव 'फायरवॉल'. माहितीचा प्रत्येक तुकडा कोठून आला, कोठे चालला आणि कोणत्या क्रमांकाच्या दाराने, हे पाहून तो नेमून दिलेल्या नियमांप्रमाणे त्याला सोडतो किंवा अडवतो. बाहेरून येणाऱ्यास मज्जाव आणि आतून जाणाऱ्यास मुभा, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते. ती सोयीची आहे. सुरक्षित आहे असे मात्र म्हणता येणार नाही.

याचा पडताळा २०२० मध्ये अमेरिकेत आला. 'सोलरविंड्स' या कंपनीच्या 'ओरायन' प्रणालीच्या अधिकृत सुधारणेतच घुसखोरांनी आपला कार्यक्रम दडवला होता आणि ती सुधारणा सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोचली. सुधारणेवर कंपनीची डिजिटल सही होती. मग दारावरचा पहारेकरी तिला अडवणार कसा? आत शिरलेला कार्यक्रम काही दिवस निपचित पडून राहिला आणि मग त्याने बाहेरच्या धन्याला साद घातली. पुढे अमेरिकी सरकारची ९ खाती आणि सुमारे १०० खासगी कंपन्या यांत प्रत्यक्ष शिरकाव झाल्याचे जाहीर झाले. ज्यांनी त्या यंत्रांची बाहेर जाणारी वाट बंद ठेवली होती, त्यांच्याकडे ही साद भिंतीवर आपटून विरली व पुढचा अनर्थ टळला, अशी कबुली तेथील सायबर सुरक्षा यंत्रणेने जून २०२१ मध्ये सिनेटर रॉन वायडन यांना पाठविलेल्या पत्रात दिली. हा उपाय प्रत्येक कार्यालयाला कामकाजाच्या गरजांमुळे झेपेलच असे नाही, हेही त्याच पत्रात नमूद आहे.

ही अडचण खोटी नव्हे. वाटा सरसकट बंद केल्या की परीक्षेचे अर्ज अडतात, वेतनाची देयके खोळंबतात आणि बोल कारकुनाला लागतो. मग वरिष्ठांचा दूरध्वनी येतो, तात्पुरती म्हणून एक सवलत दिली जाते, आणि ती मागणारा सेवानिवृत्त झाला तरी सवलत कायम राहते. अशा शंभर सवलती साचल्या की भिंतीची चाळणी होते.

यावर उपाय शिस्तीचा आहे. आरंभ माणसांच्या टेबलांपासून नव्हे, तर सर्व्हरांपासून व्हावा; कारण सर्व्हरला बाहेर मोजक्याच ठिकाणी जावे लागते. काही आठवडे नुसती नोंद ठेवून खरी गरज ओळखावी, तेवढ्याच वाटा मोकळ्या ठेवाव्यात आणि शेवटचा नियम 'बाकी सर्व बंद' हा असावा. प्रत्येक सवलतीपुढे ती मागणाऱ्याचे नाव, कारण आणि मुदत लिहिलेली असावी. मुदत संपताच फेरविचार व्हावा. नियम करणाऱ्याने हेही विसरू नये की हा पहारा यंत्रांवर आहे. कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवण्याचे ते निमित्त होऊ नये.

भारतात 'सर्ट-इन'ने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपण्याचे आणि घुसखोरीची वर्दी ६ तासांत देण्याचे बंधन घातले. ते योग्यच आहे. पण नोंद चोरी झाल्याचे सांगते, चोरी थांबवीत नाही. मोकळ्या ठेवलेल्या वाटेनेही लबाड निसटू शकतो, हे खरे. म्हणून दहा वाटा उघड्या टाकाव्यात असे कोणी म्हणणार नाही. विद्यार्थ्यांच्या गुणांची, निवृत्तांच्या वेतनाची, रुग्णांच्या आजारांची माहिती ज्या कार्यालयांत विश्वासाने ठेवली जाते, त्यांनी तरी ती बाहेर जाण्याच्या वाटेवर बुरूज बांधावयास हवा. तो कडा कोणी उतरून गेल्यावर बांधण्यापेक्षा आधी बांधणे केव्हाही शहाणपणाचे.