मूळ प्रत कुणाची?

दिवाळीत पुतण्याने नवा टीव्ही घेतला. भिंतभर पसरलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, मागे, पुढे असे मिळून सहा स्पीकर. त्याच्या दिवाणखान्याला आता घरातली सगळी मंडळी ‘थिएटर’च म्हणतात. उद्घाटनाला मला बोलावले, कारण घरात सिनेमाचे वेड पहिल्यांदा मीच आणले असा माझ्यावर जुना आरोप आहे. मी जाताना एक डिस्क घेऊन गेलो. ‘स्टार वॉर्स’ची. चित्रपट सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील, तोच पुतण्या म्हणाला, “काका, ही प्रत खराब आहे. पडद्यावर मुंग्या दिसतायत.” आणखी थोड्या वेळाने मात्र तो ताठ बसला. “अरे! इथे तर हान सोलो आधी गोळी झाडतो!”

त्या दोन वाक्यांमध्ये या लेखाचा सगळा विषय आहे. म्हणून थोडे मागे जायला हवे.

जॉर्ज ल्युकस यांचा ‘स्टार वॉर्स’ १९७७ साली प्रदर्शित झाला. त्यात हान सोलो नावाचा एक चोरटा माल वाहणारा वैमानिक आहे. एका गुत्त्यात त्याच्यासमोर एक मारेकरी येऊन बसतो, पिस्तूल रोखतो, आणि बोलता बोलता हान टेबलाखालून त्याला उडवतो. एका क्षणात प्रेक्षकाला कळते की हा माणूस सज्जन नाही, पुढे होणार आहे. १९९७ साली, चित्रपटाला वीस वर्षे झाली तेव्हा, ल्युकस यांनी ‘स्पेशल एडिशन’ काढली. त्यात मारेकरी आधी गोळी झाडतो, हातभर अंतरावरून त्याचा नेम चुकतो, आणि मग हान नाइलाजाने त्याला मारतो. वाळवंटातल्या गावात संगणकावर तयार केलेले प्राणी आले. १९७७ मध्ये गाळलेला एक प्रसंग नव्याने बसवला गेला. पुढच्या डिस्कवर, २००४ मध्ये आणि २०११ मध्ये, या मालिकेत आणखी बदल झाले. एका जागी तर जुन्या नटाच्या जागी पुढच्या पिढीतला नट आणून उभा केला गेला.

कुणी म्हणेल, चित्रपट त्यांचा, त्यांनी बदलला. तुमचे काय गेले? माझे गेले ते हे की जुना चित्रपट बाजारातून उचलला गेला. १९९७ नंतर जो चित्रपट विकला गेला, दाखवला गेला, तो बदललेला. एकदा, २००६ साली, मूळ आवृत्ती डीव्हीडीवर ‘जोडडिस्क’ म्हणून दिली गेली. पण ती १९९३ साली लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या व्हिडिओ प्रतीवरून. नव्या टीव्हीवर ती लावली तर चारही बाजूंनी काळी चौकट आणि मधोमध धूसर पोस्टकार्ड. ज्या चित्रपटाने सिनेमाचा धंदा बदलला, तो पाहायला हे एवढेच पोस्टकार्ड उरले होते.

मग काही वेडे लोक कामाला लागले. चेक प्रजासत्ताकातल्या एका तरुणाने काही साथीदारांच्या मदतीने २०११ च्या सुमारास एक आवृत्ती तयार केली. अधिकृत डिस्कवरचे चित्र घ्यायचे, त्यात जिथे जिथे बदल झाला असेल तिथे जुन्या डिस्क, जुन्या फिल्मचे तुकडे, जे मिळेल ते घेऊन मूळ दृश्य परत बसवायचे. गोधडी शिवतात तसे काम. दुसऱ्या एका गटाने वेगळी वाट धरली. त्यांनी १९७७ साली चित्रपटगृहात चाललेली ३५ मिलिमीटरची टेक्निकलर प्रतच मिळवली आणि २०१८ मध्ये तिच्यावरून केलेली आवृत्ती पुढे आणली. तिचा बहुतांश भाग त्या एकाच प्रतीवरून घेतलेला आहे.

टेक्निकलरच का? त्या काळातल्या साध्या रंगीत प्रतींचे रंग वर्षांगणिक उडतात. निळा-हिरवा जातो, आणि उरतो तो गुलाबीसर लाल. जुन्या थिएटरात सगळी माणसे उन्हात भाजल्यासारखी दिसत, त्याचे कारण हेच. टेक्निकलरची पद्धत छापखान्यातल्या रंगीत छपाईसारखी होती. तीन रंगांचे तीन ठसे एकापाठोपाठ एक फिल्मवर उमटवायचे. ते रंग टिकाऊ. म्हणून १९७७ सालची ती प्रत रंगांच्या बाबतीत साक्षीदार म्हणून उभी करता येते. पण साक्षीदार म्हातारा झालेला. ओरखडे, धूळ, तेलाचे डाग, रीळ बदलण्याच्या खुणा. चित्रपट एकशेएकवीस मिनिटांचा, सेकंदाला २४ फ्रेम; म्हणजे सुमारे पावणेदोन लाख फ्रेम. त्या एकेक करून स्कॅन करायच्या, तपासायच्या, पुसायच्या. नोकरीधंदा सांभाळून, रात्री जागून, आणि एक पैसा न घेता.

हे कायदेशीर आहे का? नाही. उगाच आडपडदा नको. चित्रपटाचे हक्क कंपनीचे आहेत आणि तिच्या परवानगीवाचून त्याची प्रत करणे कायद्याच्या भाषेत चोरीच. या मंडळींनी स्वतःपुरता एक नियम घालून घेतला आहे: आधी अधिकृत डिस्क विकत घ्या, आणि आमची प्रत कधीही विकू नका. मी तीनदा विकत घेतलेला चित्रपट चौथ्यांदा फुकट पाहतो, त्याने माझे पाप धुऊन निघत नाही हे मला ठाऊक आहे. पण ज्या दुकानदाराने माल फडताळात कुलूप लावून ठेवला आणि वर ‘असा माल कधी नव्हताच’ असा चेहरा केला, त्याच्या तक्रारीला किती वजन द्यायचे, हाही प्रश्न आहेच.

यातली गंमत अशी की याच ल्युकस यांनी १९८८ साली अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष दिली होती. तेव्हा जुन्या कृष्णधवल चित्रपटांना संगणकाने रंग फासण्याची लाट आली होती. कलाकृतीत मागाहून फेरफार करणे म्हणजे समाजाची सांस्कृतिक ठेव बिघडवणे, अशा अर्थाची ती साक्ष होती. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जपण्याजोगे पहिले २५ चित्रपट निवडले गेले. त्यात ‘स्टार वॉर्स’ होता. म्हणजे जो चित्रपट राष्ट्राने जपायचा ठरवला, तो राष्ट्रातल्या माणसाला दुकानात मिळेना.

निर्मात्याचा हक्क मी नाकारत नाही. लेखक दुसऱ्या आवृत्तीत प्रकरणे बदलतात, कवी जुन्या ओळी खोडतात. त्यांना त्यांची पहिली कृती अपुरी वाटत असेल. ल्युकस यांनाही तसेच वाटत होते. पण पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणून प्रकाशकाचा माणूस मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन पहिली आवृत्ती उचलून आणत नाही. ती कपाटात असते. ज्याला पाहायची त्याने पाहावी, ताडून बघावी. चित्रपटाच्या बाबतीत हे कपाटच मालकाच्या हातात आहे. माझे म्हणणे एवढेच: बदला, हवे तितके बदला, पण जे एकदा लोकांसमोर आले ते लोकांना परत बघता येऊ द्या. १९७७ साली ज्यांनी तिकीट काढले, त्यांनी तो चित्रपट मोठा केला. त्या चित्रपटात त्यांचाही वाटा आहे. मालकीचा नसेल, आठवणीचा तरी आहे.

आता पुतण्याच्या मुंग्यांकडे येतो. कारण चित्रपट बदलणारे हात फक्त हॉलिवूडमध्ये नसतात. ते आपल्या दिवाणखान्यातही असतात.

फिल्म म्हणजे चंदेरी दाण्यांवर उमटलेले चित्र. तिच्यात दाणे दिसणारच, जसा हातमागाच्या कापडात धागा दिसतो. पण नवा टीव्ही दुकानातून येतो तो ‘सुधारणा’ करण्याच्या तयारीनेच. दाणे दिसले की तो पुसतो, आणि दाण्यांबरोबर नटाच्या गालावरची सुरकुतीही पुसतो. कडा जास्त ठळक करतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे २४ फ्रेमच्या मधल्या जागी स्वतःच्या कल्पनेने नव्या फ्रेम घालतो. हालचाल गुळगुळीत होते, आणि लाखो रुपयांचा चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. ही सोय बंद करा, अशी विनंती करणारी चित्रफीत टॉम क्रूझ यांनी २०१८ साली काढली होती. २०१९ मध्ये ‘फिल्ममेकर मोड’ नावाची सोय जाहीर झाली. ती असलेल्या टीव्हीवर या सगळ्या सुधारणा एका फटक्यात बंद करता येतात. ज्यांच्याकडे ती नसेल, त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन एकेक बंद करावी. पाच मिनिटांचे काम आहे.

आवाजाचेही तेच. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’चा आवाज तीन प्रकारे मिसळला गेला होता: मोठ्या थिएटरांतल्या ७० मिलिमीटरच्या प्रतींसाठी एक, स्टिरिओ थिएटरांसाठी दुसरा, आणि एकच स्पीकर असलेल्या थिएटरांसाठी तिसरा. या तिन्हींत काही ठिकाणी संवादसुद्धा वेगळे आहेत. चाहत्यांच्या आवृत्त्यांत हे जुने आवाजही जपले गेले. मोनो आवाज निवडला तर तो मधल्या एकाच स्पीकरमधून येऊ द्यावा. सहा स्पीकर घेतले म्हणून सहाही वाजलेच पाहिजेत, असे थोडेच आहे? वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्याव्यात. पडदा भरण्यासाठी चित्र ताणले की माणसे जाडी होतात, आणि कापले की माणसेच जातात.

आपल्याला या गोष्टी नव्या नाहीत. आपण तर काटछाटीवरच वाढलो. दूरदर्शनच्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम. त्यामुळे २४ चा चित्रपट थोडा पळतच यायचा. तीन तासांचा चित्रपट सात मिनिटे आधी संपायचा आणि गाण्याची पट्टी किंचित चढायची. मग डिस्क आल्या; त्यांवर चित्राच्या कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह कायमचे डकवलेले आणि एखाद-दुसरे गाणे गायब. ‘शोले’चा मूळ शेवट, ज्यात ठाकूर गब्बरला स्वतः मारतो, तो आणीबाणीतल्या सेन्सॉरने १९७५ साली बदलायला लावला. परदेशात फिरणाऱ्या व्हिडिओ कॅसेटींमुळे पुष्कळ रसिकांना तो ठाऊक होता. अधिकृतपणे, मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुनरुज्जीवित केलेल्या प्रतीतून, तो जून २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात पडद्यावर आला. पन्नास वर्षे लागली.

आणि आपल्याकडे तर कायद्याची अडचणही कमी आहे. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे असतो. म्हणजे ‘प्रभात’चा १९३६ चा ‘संत तुकाराम’ घेऊन कुणा उत्साही तरुणाने त्याच्या फ्रेम पुसायला घेतल्या, तर त्याला कुणी चोर म्हणणार नाही. अडचण आहे ती पुसायला फ्रेमच नसण्याची. हजाराहून अधिक मूकपटांतले आज मूठभर उरले. चांदीसाठी रिळे विकली गेली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली, आणि तीत ‘प्रभात’च्याही जुन्या प्रती गेल्या. तिकडे चाहत्यांना कुलूपबंद चित्रपट सोडवावा लागतो. इकडे कुलूपही नाही आणि पुष्कळदा आत काही नाही.

चाहत्यांचे सगळेच काम डोळे झाकून चांगले, असेही नाही. आता संगणकाला सांगितले की तो जुन्या धूसर चित्राला ‘नवे’ करून देतो. त्या प्रतींत चेहरे मेणाचे दिसतात, मागची झाडे हिरव्या रंगाचा लेप. रंग फासणाऱ्यांची नि यांची जात एकच. माझी कसोटी सोपी आहे. या माणसाने चित्रपटाला काही ‘दिले’ आहे की त्याचे गेलेले ‘परत आणले’ आहे? देणाऱ्यापासून दूर राहावे. परत आणणाऱ्याला नमस्कार करावा.

जून २०२५ मध्येच लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ ची मूळ टेक्निकलर प्रत प्रेक्षकांना दाखवली. पन्नाशीनिमित्त २०२७ मध्ये १९७७ ची आवृत्ती पुन्हा चित्रपटगृहांत आणण्याची घोषणाही झाली आहे. मालकाला उशिरा का होईना जुना माल आठवला. आनंदच आहे. पण मधल्या काळात त्या मालाची आठवण कुणी तेवत ठेवली, हे विसरू नये.

त्या रात्री मी पुतण्याच्या हातून रिमोट घेतला आणि एकेक सुधारणा बंद केली. चित्र थोडे मऊ झाले, थोडे अंधारे. त्याची बायको म्हणाली, “आधी जास्त स्वच्छ होते.” खरे होते ते. आम्ही गुत्त्याचा प्रसंग पुन्हा लावला. हान सोलोने टेबलाखाली हात नेला. पुतण्या आता मुंग्यांबद्दल काही बोलला नाही. चित्रपट संपल्यावर एवढेच म्हणाला, “काका, मग मी लहानपणापासून पाहिला तो कुठला?”

त्याला मी उत्तर दिले नाही. डिस्क त्याच्याकडेच ठेवून आलो.