ते चूर्ण डॉक्टरांपासून लपवू नका

सकाळी बागेच्या दाराशी रसाची गाडी असते. कारले, जांभूळ, दुधी, गव्हांकुर. एक ग्लास तिथेच होतो. घरी आल्यावर मधुमेहाची नेहमीची ग्लिमेपिराइडची गोळी. त्यात एकादशी असेल तर पोटात दुसरे काही नाही. दुपारी दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. घरचे म्हणतात, "उपासाने पित्त झालं असेल, जरा पडा."

पडू देऊ नका! आधी शुगर तपासा. 70 च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू असेल, तर साखरेऐवजी ग्लुकोज पावडर द्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. आणि बरे वाटले तरी डॉक्टरांना गाठा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते.

असे का होते? ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. कारल्याचा रस, मेथीदाण्याची पूड, गुडमार यांनीही साखर उतरू शकते. दोन्हींचा जोर एकत्र आला की तोल जातो. वय झालेले आणि मूत्रपिंड अधू असलेले यात आधी सापडतात. जेवणातली मेथीची भाजी खुशाल खा. प्रश्न रोजच्या रसाचा आणि चमचाभर पुडीचा आहे.

बिनलेबलच्या पुडीचे भय तर आणखी मोठे. 2008 मध्ये सिंगापूरला ताकदीच्या बेकायदा औषधांत मधुमेहाचेच ग्लिबेनक्लामाइड मिसळलेले निघाले. मधुमेह नसलेली माणसे साखर उतरून रुग्णालयात पोचली, चार जण दगावले. "आयुर्वेदिक आहे, अपाय नाही" असे सांगणाऱ्याला आत काय आहे ते विचारा. सांगता येत नसेल तर ती पुडी घरात आणू नका.

चूर्ण घ्या आणि इन्सुलिन बंद करा असे कोणी सांगितले, तर मुळीच ऐकू नका. टाइप 1 मधुमेहाच्या मुलांच्या आईबाबांनो, तुम्हाला हात जोडून विनंती. इन्सुलिन बंद झाले तर एक-दोन दिवसांतच मूल जिवावरच्या दुखण्यात जाते.

डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसू नका. रागावले तर रागावू द्या. चांगला वैद्यही आधी तुमच्या गोळ्यांची चौकशी करतो. त्यालाही फाईल दाखवा. तुमच्या मनाने काही सुरू करू नका, काही बंद करू नका. आज रात्रीच एक पिशवी घ्या. आईच्या उशाखालची डबी, बाबांचा काढा, शेजारच्या काकूंनी दिलेले चूर्ण, सगळ्या गोळ्या, सगळे तीत भरा आणि उद्याच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.