सम्राटाला दार न उघडणारे शहर

१/ इन्सब्रुक म्हणजे इन नदीवरचा पूल. आल्प्समधील तुलनेने सखल अशी ब्रेनर खिंड (१३७० मीटर) येथून दक्षिणेस आहे. व्यापारी, यात्रेकरू, सैनिक येथेच मुक्काम करीत. शहर पोसले गेले ते या मुक्कामांवर.

२/ १५१८ च्या अखेरीस सम्राट पहिला माक्सिमिलियन लवाजम्यासह येथे आला. हे त्याचे लाडके शहर. मुलामा दिलेल्या तांब्याच्या कौलांचा तो प्रसिद्ध सज्जा त्याचाच. पण दरबाराची जुनी देणी थकली होती आणि सराईमालकांनी लवाजम्याला जागा नाकारली. आजारी सम्राट पुढे निघाला. १२ जानेवारी १५१९ रोजी वेल्स येथे वारला.

३/ इतिहासप्रेमी तरुणाला या शहरात साध्या, स्वस्त हॉटेलात उतरणे म्हणजे तडजोड वाटते. हा समज चुकीचा आहे. राजवाडा तिकीट काढून पाहता येतो. वाटसरूचे शहर मात्र त्यात राहूनच कळते. लहान खोली, पाव-चीजची न्याहारी आणि पर्यटकांचे थवे येण्यापूर्वी रिकाम्या गल्ल्यांतून चालण्याची मोकळीक, एवढे पुरते. (जुन्या सरायांपैकी काही आज महागड्या झाल्या आहेत, हा इतिहासाचा विनोदच.) वाचलेले पैसे होफकिर्शच्या तिकिटाला उपयोगी पडतात.

४/ तेथे माक्सिमिलियनच्या स्मारकाभोवती २८ भव्य कांस्यपुतळे उभे आहेत. आतील कबर रिकामी आहे. सम्राट पुरला आहे तो दूर, वीनर नॉयश्टाट येथे.